फौजी सरप्लस जेवणाची पाकिटं: भाव, तारखा आणि घ्यावीत की नाही (मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पावसाळा तोंडावर आला की आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. तपकिरी रंगाचं जाडजूड प्लॅस्टिकचं पाकीट, वर परदेशी लष्कराची छपाई आणि खाली प्रश्न: "घेऊ का?" दरवेळी तीच उत्तरं टाईप करून बोटं दुखायला लागली, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलं. प्रश्न लोकांनी पाठवलेले आहेत, फक्त त्यांची भाषा जराशी साफ केली आहे. भाव वरखाली होत राहतात, त्यामुळे आकडे पाठ करण्यापेक्षा हिशेब कसा मांडलाय ते पाहा.

१. सरप्लस रेशन म्हणजे नेमकं काय? सैन्य स्वतःचं खाणं विकतं का?

आघाडीवर चूल पेटवता येत नाही, म्हणून सैनिकाला तयार शिजवलेलं, बंद पाकिटातलं जेवण दिलं जातं. अमेरिकेत त्याला एमआरई म्हणतात. हा प्रकार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि त्याने आधीच्या डबाबंद जेवणाची जागा घेतली. ब्रिटिश, फ्रेंच, इटालियन, जर्मन सैन्यांची आपापली पाकिटं आहेत आणि त्यांतली बरीचशी २४ तासांच्या हिशेबाने भरलेली असतात.

असा साठा सैन्याला कायम तयार ठेवावा लागतो आणि तारीख जवळ आली की बदलावा लागतो. बदललेला माल युरोपातल्या काही देशांत व्यापाऱ्यांच्या हाती लागतो, तिथून दुकानांत आणि ऑनलाइन येतो. अमेरिकेचं तसं नाही. त्यांच्या पेटीवर आणि पाकिटावर ‘सरकारी मालमत्ता, व्यापारी फेरविक्री बेकायदा’ अशा अर्थाचा मजकूर इंग्रजीत छापलेला असतो. तरीही माल बाहेर येतो. २००६ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने ईबेवर विकल्या जाणाऱ्या अशा पाकिटांची चौकशीही केली होती.

तिसरा प्रकार म्हणजे नागरिकांसाठी बनवलेली पाकिटं. सैन्याला माल पुरवणाऱ्या कंपन्या तसंच खाणं वेगळ्या वेष्टनात उघडपणे विकतात. जाहिरातीत ‘मिलिटरी’ लिहिलेलं असलं तरी माल बहुतेक वेळा या जातीचा निघतो. त्यात वाईट काही नाही, उलट त्यावर तारीख तरी नीट असते.

२. एका पाकिटात असतं काय काय?

अमेरिकन पाकीट सरासरी १,२५० कॅलरींचं असतं आणि ते एका वेळचं जेवण धरलेलं आहे. वजन साधारण अर्धा ते पाऊण किलो. कात्री लावली की आतून खाकी पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्या आणि छोटी पाकिटं बाहेर पडतात: मुख्य पदार्थ, एखादा भात किंवा बटाट्याचा प्रकार, जाड चौकोनी बिस्किट, त्यावर लावायला पीनट बटर किंवा चीज, एखादं गोड, सरबताची पूड, चमचा. एका वेगळ्या पारदर्शक पिशवीत कॉफी, मीठ, च्युइंग गम, काडेपेटी आणि टॉयलेट पेपरची घडी. याशिवाय हिरवट प्लॅस्टिकची एक लांबट पिशवी असते, तोच हीटर. तिच्यावरचं चित्र बघण्यासारखं आहे. पिशवी तिरकी कशावर टेकवून ठेवायची ते दाखवताना बाजूला दगड काढलाय आणि त्यावर लिहिलंय, ‘दगड किंवा तसलंच काहीतरी’. लष्करी शिस्तीत इतकी मोकळीक दुसरीकडे कुठे दिसत नाही.

चवीबद्दल विचाराल तर मुख्य पदार्थ मऊ, खारट आणि मसाल्याला भित्रा असतो. पीनट बटर आणि बिस्किट चांगलं लागतं. फ्रेंच पाकीट चवीला सरस मानलं जातं, त्यात पाते नावाचा मांसाचा लगदा छोट्या डब्यात येतो. इटालियन पाकिटात ४० टक्क्यांच्या आसपासच्या कडक मद्याचा एक घोटभर डोसही असतो. डांगच्या जंगलात, म्हणजे गुजरातच्या हद्दीत ट्रेक असेल तर तेवढा घरी काढून ठेवा.

३. किंमत किती पडते?

अमेरिकेत एक पाकीट किरकोळीने साधारण १२ ते २० डॉलरला मिळतं. डॉलर ८५ ते ९० रुपये धरला तर तिथल्या दुकानातच ते १,००० ते १,८०० रुपयांना पडलं. १२ पाकिटांची पेटी घेतली तर नगामागे स्वस्त पडते, पण पेटीचं वजन १० किलोच्या आसपास भरतं आणि सगळं घोडं तिथेच अडतं. १० किलो खाण्याचा कुरियर समुद्रापलीकडून मागवायचा, वर सीमा शुल्क आणि जीएसटी. वाहतुकीचा खर्च बऱ्याचदा मालाच्या किमतीला गाठतो. त्यामुळे इथल्या जाहिरातींत सुटं पाकीट दोन-अडीच हजारांच्या खाली क्वचितच दिसतं.

युरोपातली २४ तासांची पाकिटं तिकडे साधारण १५ ते ३५ युरोंना असतात. वरवर पाहता महाग, पण त्यात दिवसभराचं खाणं असतं, ब्रिटिश पाकिटात तर ४,००० कॅलरींच्या आसपास. म्हणून तुलना करताना पाकिटाला पाकीट लावू नका. कॅलरीला कॅलरी लावा.

आणि कोणी ८०० रुपयांत ‘ओरिजिनल’ देतोय म्हणाला तर एकच प्रश्न विचारा: पेटीवरच्या तारखेचा फोटो पाठवता का? पुढचं प्रश्न ७ मध्ये.

४. मग परवडतं का? सरळ सांगा.

रोजच्या वापराला नाही. ट्रेकलाही बहुतेकांना नाही.

हिशेब १,२५० कॅलरींचाच करू. परदेशी पाकीट इथे २,००० ते २,५०० रुपये. तेवढ्याच कॅलरी किराणा दुकानातून घ्यायच्या तर ३०० ग्रॅमचं तयार राजमा किंवा दाल माखनीचं पाकीट १०० ते १५० रुपयांना येतं, त्यात साधारण ३०० ते ४०० कॅलरी. सोबत तयार पुलावाचं एक पाकीट आणि मूठभर शेंगदाणे किंवा चिक्की घेतली की काम झालं, एकूण ३०० ते ३५० रुपये. निव्वळ शेंगदाण्यांवर भागवायचं म्हटलं तर १०० ग्रॅमला साधारण ५६७ कॅलरी. म्हणजे पाव किलोहून कमी दाणे, ४०-४५ रुपये. पोट बिघडेल ते वेगळं.

पण खरी अडचण भावाची नाहीच. या पाकिटाचे जास्तीचे पैसे तुम्ही कशाचे मोजता? चवीचे तर नाही. मोजता ते टिकाऊपणाचे. आणि सरप्लस मालातला तोच टिकाऊपणा आधी कोणीतरी वापरून घेतलेला असतो. सैन्याने साठ्यातून काढलं म्हणजे उरलेली मुदत थोडी, किंवा ते कुठल्या गोदामात किती उन्हात पडलं होतं याचा पत्ता नाही. जुनी गाडी घेताना आपण किलोमीटर बघतो, इथे मीटरच काढून टाकलेला आहे. म्हणून माझं मत असं: फौजी खाणं हवं असेल तर ते ताजं घ्या, सरप्लस नको. ताजं कुठे मिळतं ते पुढच्याच प्रश्नात.

पैसे वसूल होण्यासारखे प्रसंग नाहीत असं नाही. एकदा चाखून बघायची हौस असेल, नाटकाला किंवा शूटिंगला खरी वस्तू हवी असेल, संग्रह करत असाल (प्रश्न १५), तर घ्या. हौसेला मोल नसतं.

५. आपल्या भारतीय सैन्याची पाकिटं मिळतात का?

सैन्याला दिलेला माल बाजारात यायला नको. ‘विक्रीसाठी नाही’ किंवा ‘फक्त संरक्षण दलांसाठी’ असा शिक्का असलेलं पाकीट कोणी विकत असेल तर ते कुठूनतरी सरकवलेलं आहे असं समजा आणि लांब राहा. कँटीनमधल्या मालालाही हेच लागू. शेजारच्या सुभेदारकाकांनी प्रेमाने एखादं पाकीट हातावर ठेवलं तर खा, पण त्यांच्याकडे पेटीची मागणी करून त्यांना अडचणीत आणू नका.

मात्र या पाकिटांमागचं तंत्र तुमच्या वाण्याच्या फळीवर केव्हाचं येऊन बसलंय. म्हैसूरला डीआरडीओची डीएफआरएल नावाने ओळखली गेलेली अन्न प्रयोगशाळा १९६१ साली सुरू झाली. सियाचीनपासून पाणबुडीपर्यंत सैनिकाला काय खायला द्यायचं यावर तिथे काम झालं. तिथलं तंत्र खासगी कंपन्यांना दिलं गेलं आणि एमटीआरची तयार भाज्यांची पाकिटं त्यातूनच आली. आज गिट्स, हल्दीराम वगैरेंच्याही तशाच पिशव्या मिळतात. पॉलिएस्टर, अ‍ॅल्युमिनियम आणि पॉलिप्रॉपिलीन असे थर असलेली पिशवी, आत पदार्थ भरून ती सील करायची आणि दाबाखाली साधारण १२१ अंशांना तापवायची. फ्रीज लागत नाही, वेगळं प्रिझर्वेटिव्ह लागत नाही. अमेरिकन पाकिटातला मुख्य पदार्थही याच पद्धतीने बनतो. फरक वेष्टनाचा, हीटरचा आणि रुबाबाचा.

६. मुंबईत कुठे बघू? चोर बाजारात मिळतं म्हणतात.

चोर बाजारात मटण स्ट्रीटला जुन्या लष्करी वस्तू दिसतात: पाण्याच्या बाटल्या, बॅगा, कंपास, पत्र्याचे जुने डबे. खाणं तिथून घेऊ नका. पत्र्याचा डबा शोभेला ठीक. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडईत परदेशी खाण्याचे गाळे आहेत. तिथे चॉकलेट, चीज, डबाबंद मासे पुष्कळ, फौजी पाकीट मात्र नशिबाने. राहिलं ऑनलाइन.

कुठूनही घ्या, रीतसर आयात झालेल्या खाण्यावर तीन गोष्टी असायलाच हव्यात: आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी चिन्ह. तिन्ही नसतील तर माल कोणाच्या तरी बॅगेतून आलाय. मग बिघडला तर दाद कोणाकडे मागणार?

७. पाकिटावर तारीखच नाही! नुसता चार आकडी नंबर आहे.

तीच तारीख. अमेरिकन पद्धतीत पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि पुढचे तीन आकडे त्या वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. ३१७५ म्हणजे ३ ने संपणाऱ्या वर्षाचा १७५ वा दिवस, म्हणजे २४ जून. ही बनवल्याची तारीख आहे, संपण्याची नव्हे. इथेच घोळ होतो. विकणारा म्हणतो, "साहेब, एक्सपायरीच नाही याला." एक्सपायरी छापलेली नाही, एवढंच खरं.

दुसरी गोम म्हणजे ३ ने संपणारं वर्ष २०२३ ही असेल आणि २०१३ ही. पाकिटावरून ते ठरवता येत नाही, पेटी बघावी लागते. पेटीवर बांधणीची आणि तपासणीची अशा दोन्ही तारखा पूर्ण वर्षासकट असतात. म्हणून सुट्या पाकिटापेक्षा बंद पेटीचा फोटो महत्त्वाचा. त्याच पेटीवर गोल चकतीचा एक स्टिकर असतो: बाहेर गडद कडं, आत फिका ठिपका. उष्णता लागत जाते तसा आतला ठिपका काळवंडतो. तो कड्याइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर सौदा तिथेच सोडा. विक्रेते सगळ्या बाजूंचे फोटो पाठवतात, फक्त या स्टिकरचा पाठवत नाहीत. एका विक्रेत्याने तर नेमक्या याच जागी स्वतःच्या दुकानाचं लेबल चिकटवलेलं होतं.

८. मुंबईच्या हवेत किती टिकेल?

अमेरिकन लष्कराचा हिशेब असा: २७ अंशांना ठेवलं तर ३ वर्षं, ३८ अंशांना ठेवलं तर ६ महिने. मधल्या ११ अंशांत अडीच वर्षं गेली. मुंबईचं वर्षभराचं सरासरी तापमान २७ च्या आसपास येतं म्हणून खूष होऊ नका. खाणं सरासरीत राहत नाही, माळ्यावर राहतं. वर पत्रा असलेल्या चाळीच्या माळ्यावर एप्रिल-मे महिन्यात काय अवस्था असते ते तिथे राहिलेल्यांना विचारा. गाडीच्या डिकीत तर त्याहून वाईट.

घरातल्या सगळ्यात थंड, जमिनीलगतच्या कोपऱ्यात, ओट्यापासून लांब, झाकणाच्या डब्यात ठेवा. दमटपणाने आतल्या सीलबंद पिशवीला काही होत नाही, पण पुठ्ठ्याला बुरशी धरते आणि मग झुरळं-उंदीर येतात. उंदराने कुरतडलेली पिशवी सरळ टाकायची, भोक केवढंही बारीक असो. आणि पाकीट तुमच्याकडे येण्याआधी कंटेनरमध्ये, न्हावाशेवाच्या उन्हात, टेम्पोत किती दिवस होतं ते या हिशेबात धरलेलंच नाही.

९. तारीख उलटून दोन वर्षं झालीत. पाकीट फुगलेलं नाही. खाऊ का?

मुदत उलटली की आधी जातं ते चव, रंग आणि जीवनसत्त्वं. नीट सील असलेलं, थंड जागी ठेवलेलं पाकीट मुदतीच्या दुसऱ्या दिवशी विष होत नाही, हे खरं. पण ‘फुगलं नाही म्हणजे ठीक’ हा हिशेब चुकीचा आहे. फुगलेलं पाकीट नक्की टाकायचं, पण न फुगलेलं सुरक्षित असेलच असं नाही. बोटुलिझमचं विष अन्नात असलं तरी वास, रंग किंवा चव बदलायलाच हवी असं नसतं.

सील उसवलेलं, पिशवी चिकट, घडीच्या जागी भेग, उघडताना फुस्स आवाज किंवा आंबूस वास: यातलं काहीही दिसलं तर चाखूनसुद्धा बघू नका. आणि साठवणीचा इतिहास माहीत नसेल, जो सरप्लसमध्ये जवळजवळ कधीच नसतो, तर माझं उत्तर नाही असंच आहे. दोन हजार गेले ते गेले. यूट्यूबवर लोक पन्नास वर्षांपूर्वीचे डबे उघडून खातात, ते त्यांच्या कर्माने. तुम्ही गडावर असाल आणि खाली यायला सहा तास लागत असतील तर ती वेळ प्रयोगाची नव्हे.

१०. तो पाण्याने तापणारा हीटर सुरक्षित आहे का? लोकलमधून, विमानातून नेता येतो का?

पिशवीत मॅग्नेशियम आणि लोखंडाची पूड मिठासोबत असते. खुणेपर्यंत थोडंसं पाणी ओतलं की रासायनिक क्रिया होऊन दहा-पंधरा मिनिटांत जेवण गरम होतं. आग नाही, पण हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि तो पेट घेतो. म्हणून बंद तंबूत, गाडीत, गुहेच्या आतल्या कोपऱ्यात वापरू नका आणि जवळ सिगारेट, मेणबत्ती, स्टोव्ह नको. पिशवीतलं उरलेलं पाणी पिऊ नये, त्यात चहा करायचा विचारही नको. पिशवी हाताला चटका बसेल इतकी तापते.

हल्ली स्वतः तापणारे नूडल्सचे डबे मिळतात, त्यांत बहुधा कळीचा चुना असतो. त्यातून वाफ जोरात येते. झाकणाचं भोक बुजवू नका.

विमानात नेण्याआधी विमान कंपनीला लेखी विचारा. सुटा हीटर सुरक्षा तपासणीत काढून घेतला जाण्याची शक्यता मोठी. बऱ्याच युरोपियन पाकिटांत हीटरऐवजी घन इंधनाच्या वड्या आणि पत्र्याची घडीची चूल असते. त्या वड्या म्हणजे सरळ ज्वलनशील माल, विमानात नाहीच आणि रेल्वेतही ज्वलनशील वस्तू नेणं गुन्हा आहे. शेवटच्या कसारा लोकलला गर्दी कमी असते म्हणून नियम बदलत नाही.

११. शाकाहारी मिळतं का? जैन?

अमेरिकन एमआरईचे २४ मेन्यू असतात, त्यांतले ४ शाकाहारी. पेटी घेतली तर कुठले १२ आले ते बघा, सुटं घेतलं तर नाव वाचा. नुसत्या नावावर जाऊ नका. ‘चिली विथ बीन्स’ वाचून राजम्यासारखं काहीतरी वाटतं, प्रत्यक्षात त्यात बीफ असतं. गोड पदार्थांत जिलेटिन असू शकतं, म्हणून घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा. हिरवा ठिपका फक्त रीतसर आयात केलेल्या मालावर असतो. कांदा-लसूण जवळजवळ सगळ्यांत असतो, त्यामुळे जैन मंडळींनी परदेशी पाकिटांचा नाद सोडलेला बरा. कोशर (ज्यू धर्मीयांना चालणारी) आणि हलाल जेवणं वेगळ्या नावाने बनतात, पण इथल्या बाजारात ती दिसत नाहीत.

एक अपवाद सांगण्यासारखा आहे. अमेरिकेचं मदतकार्यासाठीचं वेगळं दैनिक पाकीट असतं, साधारण २,२०० कॅलरींचं. कुठल्या धर्माच्या माणसाच्या हाती पडेल ते माहीत नसतं, म्हणून त्यात मांस घालत नाहीत. २००१ साली अफगाणिस्तानात ही पाकिटं विमानातून टाकली तेव्हा त्यांचा पिवळा रंग आणि क्लस्टर बॉम्बच्या न फुटलेल्या तुकड्यांचा रंग एकच निघाला. नंतर रंग बदलावा लागला. ही पाकिटं विकायची नसतातच. कोणी विकत असेल तर उपाशी माणसाच्या नावचं खाणं आपण विकत घेतोय हे लक्षात असू द्या.

१२. भाऊ न्यू जर्सीहून येतोय. बॅगेतून चार-पाच आणायला सांगू?

शाकाहारी मेन्यू असतील तर प्रश्न कमी. मांसाचे पदार्थ देशात आणायला पशुसंवर्धन विभागाचा आयात परवाना लागतो आणि बीफ, किंवा बीफ घातलेला कुठलाही पदार्थ, आयात करायला पूर्ण बंदी आहे. वरच्या प्रश्नातलं ‘चिली विथ बीन्स’ इथे पुन्हा आडवं येतं. रात्री तीन वाजता सहार विमानतळावर कस्टम्सच्या टेबलावर पाकीट उलटंपालटं होत असताना "मला माहीत नव्हतं" ऐकायला कोणी बसलेलं नसतं. हीटरचा मुद्दा प्रश्न १० मध्ये आहे. भावाला त्याऐवजी पीनट बटरच्या सुट्या पुड्या आणायला सांगा. पाकिटातली ती एकच गोष्ट सगळ्यांना आवडते.

व्यापारी आयात करायचा विचार असेल तर आणखी एक नियम: मंजुरीच्या वेळी मालाची ६० टक्के मुदत, किंवा संपायला ३ महिने, यांतलं जे कमी असेल तेवढं शिल्लक असावं लागतं. सरप्लस माल इथेच गळतो.

१३. सह्याद्रीतल्या ट्रेकला न्यावं का?

हरिश्चंद्रगडावर गावकऱ्यांकडे पिठलं-भाकरी मिळते. कळसूबाईच्या पायथ्याला बारीत जेवणाची सोय होते. तिथे अडीच हजारांचं पाकीट उघडून बसणं म्हणजे हौस, गरज नव्हे. आणि त्या पिठल्याचे पैसे गावात राहतात.

अलंग-मदन-कुलंगसारख्या ठिकाणी, जिथे वर काही मिळत नाही, तिथे विचार करता येतो. पण वजन बघा. दिवसाला तीन पाकिटं म्हणजे दीड ते दोन किलो, कारण शिजलेल्या पदार्थातलं पाणी तुम्ही पाठीवर वाहताय. नेलंच तर घरीच पाकीट फोडून पुठ्ठे, काड्यापेटी, नको त्या पुड्या बाहेर काढा. सैनिकही तेच करतात. रिकाम्या पिशव्या परत आणायच्या, अ‍ॅल्युमिनियमचा थर कुजत नाही.

आपल्याकडे बिनचुलीचं खाणं काही कमी नाही. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, तिळाची चटणी, गूळपोळी, मेतकूट, लाडू, चिवडा. दशमी दोन-तीन दिवस सहज निघते, गूळपोळी त्याहून जास्त. पावसात मात्र यांचं गणित बिघडतं. दमटपणाने चिवडा मऊ पडतो, दशमीला वास येतो. सीलबंद पिशवीचा खरा फायदा तिथे दिसतो. म्हणून जुलै-ऑगस्टच्या मुक्कामी ट्रेकला आम्ही दोन-तीन तयार पाकिटं ठेवतो, देशी. ती गार खाल्ली तरी चालतात, चव तेवढी उतरते.

हिमालयात आठ-दहा दिवस जाणार असाल तर गोठवून सुकवलेलं खाणं बघा. वजनाला हलकं असतं, फक्त उकळतं पाणी लागतं. फौजी पाकीट तिथेही जड पडतं.

१४. घरी आपत्कालीन साठा म्हणून ठेवलं तर? आणि आई-बाबांना, मुलांना चालेल का?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा लोक ऑफिसात, गाड्यांत, बसमध्ये अडकले. वीज नाही, गॅसवर भरवसा नाही, दुकानं पाण्यात. अशा दोन दिवसांसाठी तयार खाणं घरात हवं, यात वाद नाही. पण त्यासाठी खाण्याआधी पाणी. माणशी दिवसाला किमान तीन-चार लिटर पिण्याचं पाणी साठवलेलं नसेल तर खारट, कोरडं पाकीट त्रासच देईल.

चार माणसांच्या घराला दोन दिवसांसाठी देशी तयार पाकिटं, कुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, बिस्किटं, गूळ, दुधाची पावडर एवढं दीड-दोन हजारांत होतं. म्हणजे एका परदेशी पाकिटाच्या भावात सगळं घर. शिवाय ते फिरवता येतं: गणपतीत जुनं संपवायचं, नवं भरायचं. साठा टिकतो तो असा खाऊन-भरून.

वयस्कर मंडळींबद्दल: ही पाकिटं घाम गाळणाऱ्या तरुण सैनिकासाठी बनलेली आहेत. मीठ भरपूर. दिवसाला तीन खाल्ली तर जागतिक आरोग्य संघटनेची ५ ग्रॅम मिठाची मर्यादा सहज ओलांडली जाते. बीपी, किडनी, मधुमेह असणाऱ्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. चोथा कमी असल्याने पोट धरतं, आणि खुद्द अमेरिकन लष्करही सलग २१ दिवसांपेक्षा जास्त काळ फक्त यावर ठेवत नाही. मुलांना एखाद-दुसऱ्या वेळेला हरकत नाही, फक्त कॉफीची पुडी आणि हीटर आधी बाजूला काढा.

१५. संग्रहासाठी घ्यायचं आहे. जुनं जास्त चांगलं का?

संग्रहाला हो, पोटाला नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन के-रेशनचे मेण लावलेले पुठ्ठ्याचे डबे आणि सी-रेशनचे पत्र्याचे डबे यांना संग्राहकांत मागणी असते. भाव ठरतो छपाई, मोहोर आणि पुठ्ठ्याच्या अवस्थेवर, आतल्या खाण्यावर नाही. मुंबईच्या हवेत पत्र्याचा भरलेला डबा गंजतो, फुगतो आणि एखाद्या उन्हाळ्यात कपाटात फुटतो. भरलेला घेतलाच तर प्लॅस्टिकच्या बंद पेटीत ठेवा आणि घरातल्या कामवाल्या मावशींनाही सांगून ठेवा की हे खाणं नाही.

१६. माझ्याकडे काही पाकिटं पडून आहेत. ओएलएक्सवर विकू का? निदान अनाथाश्रमाला देऊ?

विकायचं असेल तर वस्तू म्हणून विका आणि ‘खाण्यासाठी नाही’ असं जाहिरातीतच लिहा. खाणं म्हणून विकायला एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि मुदत उलटलेलं अन्न विकणं हा गुन्हा आहे, तुम्ही दुकानदार असा की नसा.

दान द्यायचं असेल तर मुदत शिल्लक असलेलं, तारीख वाचता येणारं, शाकाहारी की मांसाहारी ते स्पष्ट असलेलंच द्या, तेही संस्थेला आधी विचारून. बहुतेक संस्था परदेशी लेबलचं, तारीख नसलेलं खाणं घेत नाहीत आणि बरोबरच करतात. उरलेलं फोडा: खाणं ओल्या कचऱ्यात, पिशव्या सुक्या कचऱ्यात. न वापरलेला हीटर बंद पिशवीत तसाच कचऱ्यात टाकू नका. पावसाचं पाणी लागलं की कचऱ्याच्या डब्यात तापायला लागतो. उघड्यावर, गच्चीत, बादलीभर पाण्यात बुडवून त्याचा बुडबुडा पूर्ण थांबू द्या, मग सुक्या कचऱ्यात.